शाळेतली नर्सची नोकरी: टिकवावी की बदलावी, आणि हे ठरवायचं कसं?

मेडिकलरूम

शाळेच्या मेडिकल रूममध्ये एकटीने काम करणाऱ्या नर्सने नोकरी बदलावी की नाही, हे कशाच्या आधारावर ठरवावं? माझ्यापुढे सध्या हाच पेच आहे. हजाराच्या वर मुलं, नर्स एक, डॉक्टर फक्त फोनवर. इन्सुलिन घेणारी मुलं आहेत, दम्याची बरीच आहेत, अपस्माराचे झटके येणारं एक आहे. त्यात मुलांना बसमध्ये चढवणं, हजेरीचे तक्ते भरणं, कार्यक्रमाच्या दिवशी पाहुण्यांची सरबराई हेही नर्सच्याच वाट्याला येतं. दुसरीकडे बालरोग वॉर्डातली जागा समोर आहे. पगार जास्त, पण तीन पाळ्या.

पगाराची तुलना नेमकी कशी करायची? इतकी वर्षं वॉर्डापासून दूर राहिल्यावर हात परत बसतो का? आणि सोडायचंच ठरलं तर वर्षाच्या कोणत्या टप्प्यावर? "मनाचं ऐक" हा सल्ला भरपूर मिळालाय. मला मोजून-मापून ठरवायचं आहे.

पाटीपेन्सिल

आधी एक गोष्ट सोडवून घ्या. तुम्हाला शाळेतलं नर्सिंगच नकोसं झालंय, की ही एक शाळा, की नर्सच्या गळ्यात पडलेली बाकीची कामं? पहिल्याला उपाय क्षेत्र बदलणं, दुसऱ्याला शाळा बदलणं, आणि तिसऱ्याला बऱ्याचदा एक पत्र पुरतं. तिन्ही गोष्टींचा थकवा मात्र सारखाच वाटतो, म्हणून माणसं चुकीचा उपाय निवडतात आणि नव्या जागी सहा महिन्यांत तिथेच येऊन थांबतात.

हे शोधायला सलग दोन आठवड्यांची नोंद ठेवा. परीक्षेचा आणि क्रीडा स्पर्धांचा आठवडा टाळा, त्यात आकडे फुगतात. वहीत रकाने एवढेच: मूल किती वाजता आलं, कशासाठी, तुम्ही काय केलं, किती मिनिटं गेली, आणि शेवटी ते वर्गात परत गेलं, घरी गेलं की दवाखान्यात. मुलाचं नाव या वहीत नको, इयत्ता पुरे. ही वही पुढे तुम्ही दुसऱ्याला दाखवणार आहात आणि मुलांची आरोग्याची माहिती त्यात जाता कामा नये. वेगळ्या पानावर नर्सिंगखेरीजची कामं, तीही मिनिटांत.

दोन आठवड्यांनी बेरीज करा. नर्सिंगबाहेरच्या कामांनी तुमचा एक तृतीयांश वेळ खाल्ला असेल तर अडचण कामाच्या वाटणीत आहे, ती बोलून सुटू शकते. नर्सिंगचीच मिनिटं शाळेच्या तासांपेक्षा जास्त भरत असतील, म्हणजे दुपारचं जेवण आणि नोंदी दोन्ही शाळा सुटल्यावर होत असतील, तर माणूसबळच कमी आहे. तिथे गोड बोलून काही होणार नाही. आणि मिनिटं आवाक्यात आहेत, बाहेरची कामंही थोडी आहेत, तरी सकाळी पाय उचलत नसेल, तर मात्र तुम्हाला वेगळं काम हवं आहे. ते मान्य करण्यात काही गैर नाही.

या नोंदीत आणखी एक गोष्ट दिसते. तेच मूल, तीच पोटदुखी, तोच तास. असं मूल सापडणं हे शाळेतल्या नर्सचं फार मोठं काम आहे आणि ते कुठल्याही वॉर्डात घडत नाही, कारण वॉर्डात मूल चार दिवस दिसतं, इथे दहा वर्षं. हे काम तुम्हाला अजून ओढून घेतं का, हे स्वतःला जरूर विचारा.

मुलांच्या संख्येबद्दल थोडं. अमेरिकेतल्या शाळा-नर्सच्या राष्ट्रीय संघटनेने पूर्वी निरोगी मुलांसाठी ७५० मुलांमागे एक नर्स असा आकडा सांगितला होता, आणि रोजची नर्सिंग सेवा लागणारी मुलं असतील तर २२५ मागे एक. पुढे त्यांनी ठरावीक आकडा सोडून मुलांच्या गरजा पाहून माणसं ठरवावीत अशी भूमिका घेतली. तुमच्याकडे इन्सुलिनवरची मुलं आहेत, तेव्हा मुख्याध्यापकांशी बोलताना डोकी मोजू नका, गरजा मोजा.

आणि मागणी नेमकी ठेवा. "मदत हवी" असं म्हटलं की मान डोलावली जाते आणि विषय संपतो. त्याऐवजी लेखी द्या: जेवणाच्या सुट्टीआधी एक तास आणि सुट्टीभर नर्स मेडिकल रूम सोडणार नाही, कारण रक्तातली साखर तपासून इन्सुलिन देण्याची वेळ तीच आहे, बस आणि हजेरी हे काम कोणाकडे जाईल त्याचं नाव, नर्स रजेवर असताना बदली कोण. एवढंच. सोबत दोन आठवड्यांची बेरीज जोडा आणि एक सत्राची मुदत मनाशी धरा. त्या मुदतीत तीनपैकी दोन गोष्टी झाल्या तर राहण्याचा विचार करा.

नोंदवही

पाटीपेन्सिल, "एक सत्र थांबा" याला एक अपवाद जोडते. वेळेची ओढाताण आणि मुलाच्या जिवाचा धोका यांना एकच मुदत लावता येत नाही.

मेडिकलरूम, उद्याच कपाट आणि फाइल उघडून चार गोष्टी आहेत का ते पाहा.

पहिली, डॉक्टरांच्या सहीचे लेखी कायमस्वरूपी आदेश. कोणतं औषध, कोणत्या लक्षणाला, वजनानुसार किती, किती वेळाने पुन्हा, आणि कधी थांबून डॉक्टरांना कळवायचं. फोनवर "दे एक गोळी" हा आदेश नव्हे. काही बिनसलं तर कागदावर फक्त तुमची सही राहते.

दुसरी, प्रत्येक जुनाट आजाराच्या मुलाची स्वतंत्र काळजी योजना, पालकांची आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांची सही असलेली, याच वर्षाची. मुलाचं वजन वाढतं, डोस बदलतो. मागच्या वर्षीची योजना ही धोकादायक योजना असते. मधुमेहाच्या मुलाच्या योजनेत साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली तर १५ ग्रॅम झटपट शोषली जाणारी साखर, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, आणि मूल शुद्धीत नसेल तर तोंडातून काहीही नाही, हे स्पष्ट हवं. लहान मुलाला १५ ग्रॅमपेक्षा कमीही पुरते, म्हणून आकडा त्याच्या डॉक्टरांनीच लिहिलेला असावा. अशी घसरण झालेल्या मुलाला एकट्याने मेडिकल रूमपर्यंत चालत पाठवायचं नाही, नर्सने वर्गात जायचं, हेही त्यात लिहा. शाळांमध्ये सगळ्यात जास्त चूक होते ती इथेच.

तिसरी, तातडीची औषधं. तीव्र अ‍ॅलर्जीसाठी अ‍ॅड्रेनालिनचं पेन (मांडीवर दाबलं की ठरलेला डोस टोचणारं तयार इंजेक्शन) असेल तर साधारण १५ ते ३० किलोच्या मुलाला ०.१५ मिलिग्रॅम, त्यावर ०.३ मिलिग्रॅम, मांडीच्या मध्यभागी बाहेरच्या बाजूला. पेन फ्रिजमध्ये ठेवलेलं आढळलं तर समजा की कोणी सूचना वाचलेल्या नाहीत, ते खोलीच्या तापमानाला ठेवायचं असतं. दम्यासाठी सालब्युटामोलचा पंप आहे पण स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी) नाही, हेही सर्रास दिसतं. स्पेसरशिवाय लहान मुलाच्या फुप्फुसात औषध फार थोडं पोहोचतं. झटका ५ मिनिटांच्या वर गेला तर काय द्यायचं आणि रुग्णवाहिका कोण बोलावणार, हे भिंतीवर लावलेलं हवं.

चौथी, तुम्ही नसताना हे सगळं करणारे किमान दोन प्रशिक्षित लोक. नावानिशी.

यातलं काही नसेल तर लेखी मागा आणि १५ दिवस द्या, सत्र नव्हे. मागणीची पोच घ्या. आणि लेखी आदेशाशिवाय औषध द्यायला सांगितलं जात असेल, किंवा शिकवल्याशिवाय शिपायाला इन्सुलिन टोचायला लावलं जात असेल, तर लेखी नकार द्या आणि दुसरी नोकरी शोधायला लागा. परिचर्या परिषदेतली नोंदणी तुमच्या नावावर आहे, शाळेच्या नाही.

तिसरीपाळी

पगाराच्या तुलनेचं सांगते. महिन्याचे दोन आकडे शेजारी ठेवून बघणं फसवं आहे. वर्षाचा हातात येणारा पगार घ्या आणि त्याला वर्षात प्रत्यक्ष दिलेल्या तासांनी भागा.

समजा शाळेचा वर्षाचा पगार १०० धरला आणि रुग्णालयाचा १४०. शाळा २०० दिवस, रोज ७ तास, म्हणजे १४०० तास. रुग्णालय आठवड्याला ४८ तास, वर्षात ४८ आठवडे, म्हणजे २३०४ तास. हजार तासांमागे शाळेचे ७१ पडतात, रुग्णालयाचे ६१. पगार ४० टक्क्यांनी जास्त दिसतो, पण तासाचा भाव उतरला. आता यात तुमचे खरे आकडे घाला. शाळा सुटल्यावरच्या नोंदी, सुट्टीत बोलावलेले दिवस, सहलीबरोबर जाणं हे सगळं शाळेच्या तासांत मिळवा. वॉर्डात पाळी संपल्यावर हँडओव्हरमध्ये, म्हणजे पुढच्या नर्सकडे काम सोपवण्यात, जाणारा अर्धा-पाऊण तास रुग्णालयाच्या तासांत मिळवा. दोन्हीकडे येण्या-जाण्याचा वेळ धरा. शाळा मोठ्या सुट्टीचा पगार देते की दहाच महिन्यांचा, हे नेमणूकपत्रात बघा; त्यावर सगळं गणित उलटू शकतं.

पण तासाचा भाव हा एकच निकष धरू नका. घरात एकूण किती पैसा लागतो हा वेगळा प्रश्न आहे. जास्त तास देऊन जास्त रक्कम हवी असेल तर वॉर्ड बरोबर आहे, फक्त ते डोळे उघडे ठेवून निवडा.

मुलाखतीत पाळ्यांबद्दल नेमकं विचारा. पाळ्या सकाळ, दुपार, रात्र अशा पुढे सरकतात की उलट्या? पुढे सरकणाऱ्या शरीराला सोसतात, उलट्यांमध्ये झोपेची दैना होते. सलग रात्री किती? दोन पाळ्यांमध्ये किमान ११ तास मोकळे मिळतात का? दुपारची पाळी संपवून पहाटे परत हजर, असं रोस्टर असेल तर पगार कितीही असो, विचार करा. रात्रपाळीच्या कामाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून तिथेच ठेवलं. घाबरवायला सांगत नाही, पण हा खर्च पगाराच्या चिठ्ठीवर दिसत नाही.

आणखी तीन प्रश्न: रात्री एका नर्सकडे किती खाटा, नव्या नर्सला किती आठवडे दुसरीच्या हाताखाली ठेवतात, आणि माणूस कमी पडला की दुसऱ्या वॉर्डात पाठवतात का. तिसऱ्याचं उत्तर "हो" असेल तर तुम्ही बालरोग वॉर्ड निवडलेला नाही, अख्खं रुग्णालय निवडलंय. चालत असेल तर हरकत नाही. शक्य झाल्यास होकार देण्याआधी एक पूर्ण पाळी वॉर्डात नुसतं बसून बघायची परवानगी मागा. नाही म्हणाले तरी कसं म्हणाले त्यावरून पुष्कळ कळतं.

मेडिकलरूम

फार उपयोगाचं आहे सगळं. काळजी योजनांच्या तारखा आजच बघते. हात बसण्याचं कोणी सांगेल का? शिरेत सुई, सलाईनचा वेग, मॉनिटर, यातलं शाळेत काहीच होत नाही. मुलाखतीत हे कसं मांडायचं?

ड्रिपसेट

गंजतं ते हाताचं काम आणि वेग. निर्णयशक्ती गंजत नाही, उलट शाळेत ती वाढते, कारण तिथे विचारायला शेजारी कोणी नसतं. म्हणून तयारी हाताची आणि आकडेमोडीची करा.

आकडेमोड रोज दहा मिनिटं, कागदावर, कॅल्क्युलेटर न घेता. दोन प्रकार घोटून घ्या. एक, वजनावरून डोस. २४ किलोचं मूल, पॅरासिटामोल १५ मिलिग्रॅम प्रति किलो, म्हणजे ३६० मिलिग्रॅम. आता बाटली ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅमची असेल तर ७.२ मिलिलिटर, आणि १२० मिलिग्रॅमची असेल तर १५ मिलिलिटर. डोस तोच, माप दुपटीहून जास्त. चूक गुणाकारात क्वचित होते, लेबल न वाचण्यात होते. लेखी परीक्षेत याच जागी सापळा लावलेला असतो.

दोन, सलाईनचा वेग. ५०० मिलिलिटर ८ तासांत म्हणजे तासाला ६२.५ मिलिलिटर. साध्या सेटला १ मिलिलिटरचे २० थेंब असतील तर मिनिटाला २१ थेंब. मायक्रोड्रिप सेटला १ मिलिलिटरचे ६० थेंब, म्हणून तासाचे मिलिलिटर तेवढेच मिनिटाचे थेंब, साधारण ६२ किंवा ६३. सेटच्या पाकिटावर थेंबांचा आकडा छापलेला असतो, तो वाचायची सवय परत लावा.

जीवरक्षणाचं प्रमाणपत्र बहुतेक ठिकाणी २ वर्षं चालतं. संपलं असेल तर अर्ज करण्याआधी नवं करा, आणि बालरोग वॉर्डासाठी मुलांचं प्रगत प्रशिक्षणही. श्वास-हृदय थांबलेल्याला एकट्याने वाचवताना छातीवर ३० दाब आणि २ श्वास, पण मूल असेल आणि दोघं असतील तर १५ ला २. मिनिटाला १०० ते १२० दाब. मोठ्या माणसांच्या सवयीने हात ३० कडेच जातो.

शिरेत सुई लावण्याचं कौशल्य पुस्तकातून परत येत नाही. प्रशिक्षणकेंद्रातल्या कृत्रिम हातावर सराव करा, आणि वॉर्डात पहिले आठवडे मोठ्या मुलांपासून सुरुवात करायला मिळेल का ते सरळ विचारा. तान्ह्या बाळाची शीर ही सुरुवात करायची जागा नव्हे. चांगली वॉर्ड सिस्टर यावर नाराज होत नाही. "मला सगळं येतं" म्हणणाऱ्या उमेदवाराचीच तिला धास्ती वाटते.

मुलाखतीत "शाळेत प्रथमोपचार करते" असं म्हणू नका. काय केलं ते आकड्यांत सांगा: रोज किती मुलं तपासता, त्यातली किती टक्के वर्गात परत जातात, किती मुलांच्या इन्सुलिनची जबाबदारी, किती काळजी योजना स्वतः तयार केल्या. पाटीपेन्सिलने सांगितलेली वही इथेही कामाला येते. तातडीचा एखादा प्रसंग विचारला तर डॉक्टरांना फोनवर कळवतो त्याच क्रमाने मांडा: आत्ता काय झालंय, आधीची पार्श्वभूमी, माझं निरीक्षण, मला काय हवं आहे. हा क्रम तुम्हाला शाळेतून फोन करून करून अंगवळणी पडलेला असणार.

फिरतादवाखाना

वॉर्ड किंवा शाळा, एवढे दोनच रस्ते धरून चाललंय म्हणून थोडक्यात. शाळेतला अनुभव थेट चालतो अशी कामं: लसीकरण केंद्र, बालरोग ओपीडी, मधुमेह झालेल्या मुलांना आणि पालकांना शिकवणारी नर्स, कारखान्यातलं आरोग्य केंद्र, फोनवरून सल्ला देणारी सेवा, नर्सिंग महाविद्यालयात समाज आरोग्य हा विषय. यातल्या बऱ्याच जागांना रात्रपाळी नसते. कारखान्यासाठी व्यावसायिक आरोग्याचा वेगळा अभ्यासक्रम बऱ्याच ठिकाणी मागतात आणि शिकवण्यासाठी पदव्युत्तर पदवी, तेव्हा आधी पात्रता बघा. फोनवरच्या सेवेत दिवसभर हेडफोन लावून बसावं लागतं आणि प्रत्येक कॉलची मिनिटं मोजली जातात; शाळेतल्या मोकळ्या हालचालीनंतर हे अनेकांना जड जातं.

पाटीपेन्सिल

सोडण्याच्या वेळेबद्दल राहिलं होतं.

शैक्षणिक वर्षाचा शेवट सगळ्यात बरा, कारण काळजी योजना तेव्हा तशाही नव्याने करायच्या असतात. पण राजीनामा शेवटच्या दिवशी टेकवू नका. नेमणूकपत्रातला नोटिशीचा काळ आणि वर एक महिना, असं मागे मोजा, म्हणजे नवी नर्स निदान काही दिवस तुमच्याबरोबर काम करेल. नव्या जागेचं लेखी नेमणूकपत्र हातात येईपर्यंत राजीनामा द्यायचा नाही; तोंडी होकारावर दिलेले राजीनामे फार महागात पडतात. नोंदवहीने सांगितलेला जिवाचा धोका असेल तर मात्र वर्षाच्या शेवटाची वाट बघू नका.

अनुभवाच्या दाखल्याचा मसुदा तुम्हीच लिहून द्या. शाळेचं कार्यालय स्वतःहून लिहितं तेव्हा "आरोग्य सहायक" किंवा नुसतं "कर्मचारी" असं काहीतरी येतं, आणि पुढे रुग्णालयाचा मनुष्यबळ विभाग तो काळ नर्सिंगचा अनुभव म्हणून धरत नाही. दाखल्यात नोंदणीकृत परिचारिका हे पद, नोंदणी क्रमांक, पूर्णवेळ की अर्धवेळ, रुजू आणि मुक्त झाल्याच्या तारखा, आणि औषधं देणं, तातडीचे उपचार, जुनाट आजारांची देखरेख ही कामं शब्दांत यायला हवीत. सही मुख्याध्यापकांची, शिक्क्यासह.

हँडओव्हर कागदावरच करा. जुनाट आजाराच्या प्रत्येक मुलाचं एक पान: फोटो, इयत्ता, आजार, औषध कुठे ठेवलंय, पालकांचे दोन फोन, आणि त्या मुलाची ती खास खूण जी योजनेत नसते. म्हणजे साखर उतरायला लागली की कोण गप्प होतं आणि कोण चिडतं. औषधसाठ्याची यादी मुदतीच्या तारखेनुसार लावा, सगळ्यात आधी संपणारं वर. किल्ल्या आणि रजिस्टरं मोजून द्या, यादीवर दोघींच्या सह्या, एक प्रत तुमच्याकडे. मुलांच्या फाइलींच्या प्रती किंवा फोटो मात्र स्वतःजवळ काही ठेवू नका, फोनमध्ये असतील तर पुसून टाका.

नवी नर्स यायला उशीर होणार असेल तर इन्सुलिन घेणाऱ्या आणि झटके येणाऱ्या मुलांच्या पालकांना शाळेतर्फे लेखी कळवायला लावा, निदान दोन आठवडे आधी. मधल्या दिवसांत जेवणाआधीचं इन्सुलिन कोण देणार हे त्यांना ठरवावं लागतं, आणि ते एका रात्रीत ठरत नाही.